कपाटातला रिमोट

त्या कपाटाला कुलूप नव्हतं, हे आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कुलूप असतं तर निदान म्हणता आलं असतं, की बाई गं, किल्ली माझ्याकडं नव्हती. पण दार नुसतं लोटलेलं असायचं. वरच्या खणात हातमोज्यांचे खोके, मधल्यात जुन्या फायली आणि खालच्या खणात एक पांढरा डबा. डब्यावर रुग्णाचं नाव, गाव, नोंदणी क्रमांक, सगळं माझ्याच अक्षरात. आत त्याचा रिमोट. आठ महिने तो डबा तिथं होता आणि त्या आठ महिन्यांत मी स्वतः तो कितीदा उघडला असेल याची मोजदाद नाही.

मी त्या वर्षी संभाजीनगरच्या एका मोठ्या खाजगी रुग्णालयात शिकत होते. एमबीबीएस झालं, एमडी झालं, डीएम झालं, तरी शिकतच होते. आमच्या घरी याची थट्टा व्हायची. "अजून किती इयत्ता राहिल्यात?" असं आई दर फोनला विचारायची. ही शेवटची इयत्ता म्हणजे मेंदूत बसवलेल्या तारांमधून वीज सोडून कंपवात आटोक्यात ठेवायचं प्रशिक्षण. ज्यांना गोळ्या पुरत नाहीत अशा रुग्णांच्या मेंदूत खोलवर दोन तारा सोडतात, शेवईएवढ्या बारीक. त्या कातडीखालून छातीपर्यंत आणतात आणि गळ्याच्या हाडाखाली काडेपेटीहून जरा मोठं यंत्र बसवतात. यंत्रातून सतत थोडी वीज जात राहते आणि थरथर थांबते.

ऑपरेशन सर्जन करतात. पण वीज किती सोडायची, तारेच्या कोणत्या टोकातून सोडायची, हे नंतर महिनोन्‌महिने जुळवत बसावं लागतं. ते जुळवणं आम्ही शिकत होतो. त्यासाठी डॉक्टरकडं एक टॅबलेट असतो आणि रुग्णाकडं छोटा रिमोट. डॉक्टरनं घालून दिलेल्या मर्यादेत रुग्णानं स्वतः वीज कमी-जास्त करायची, किंवा दोन प्रोग्राम भरून दिलेले असतील तर एकावरून दुसऱ्यावर जायचं, एवढंच त्या रिमोटचं काम. यंत्राच्या खोक्यातच तो येतो. चष्म्याबरोबर चष्म्याचं घर येतं तसा. तो रुग्णाचा असतो, यात वादाचा प्रश्नच नाही.

बाबा आमच्याकडं आले ते कन्नडच्या पुढून. सगळा वॉर्ड त्यांना बाबाच म्हणायचा. धनगर माणूस, साठीच्या आतबाहेर, उंच, अंगात बंडी. पाऊस सरला की बायकोला बरोबर घेऊन मेंढरांमागं रानोमाळ फिरायचं, हा त्यांचा जन्माचा उद्योग. उजवा हात इतका थरथरायचा, की चहाचा कप तोंडाशी येईपर्यंत अर्धा अंगावर सांडायचा. लोकर कातरताना दोनदा मेंढीची कातडी कापली गेली, तेव्हा त्यांनी कातर बायकोच्या हातात दिली. ते सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्यांचं यंत्र कंपनीनं प्रशिक्षणासाठी दिलं होतं. बदल्यात बाबांनी आमच्या शिकवण्याच्या कार्यक्रमांना यायचं, अशी कागदावर अट होती. तो कागद मीच त्यांना वाचून दाखवला. सहीची जागा दाखवली तर त्यांनी पेन हातात घेतलं, पण टोक कागदावर टेकेना. इकडंतिकडं नुसते ठिपके उमटले. शेवटी वैतागून त्यांनी पेन ठेवलं. "सही येती मला, ताई. सातवी शिकेल हाय म्या. पण हा भडवा हात कुठं बसतोय? आणा ती शाई, अंगठाच देतो." मी शाईची डबी पुढं केली.

ऑपरेशनच्या वेळी रुग्ण जागा असतो. तार बरोबर जागी बसली का, हे त्याच्या हातावरून आणि बोलण्यावरून कळतं. मी बाबांच्या डोक्याशी उभी होते. महिन्यांची नावं म्हणा म्हटलं तर त्यांनी चैत्र, वैशाख सुरू केलं. मग मोठ्यानं काहीतरी बोला म्हटलं. त्यांनी विचारलं, "किती मोठ्यानं?" मी म्हटलं, तुमच्या रानात बोलता तेवढ्या. त्यांनी श्वास घेतला आणि मेंढरं वळवायची आरोळी दिली, जिभेच्या टोकावर थरारत जाणारी, लांबलचक. भूलतज्ज्ञ दचकले, सगळे हसले. शेजारच्या थिएटरमधून एक ब्रदर बघायला आला. तो आवाज मी कानानं ऐकलेला आहे, हे मुद्दाम सांगून ठेवते.

नंतरचे दोन महिने बाबा दर पंधरवड्याला येत आणि मी टॅबलेट घेऊन त्यांच्यासमोर बसे. शेजारी आमचे सर. सरांचं कसब मोठं होतं, हे मी आज रागातसुद्धा नाकारणार नाही. वीज एकेक पाऊल वाढवायची, बोटं आपटायला लावायची, मूठ उघड-मीट करायला लावायची, मनगट हलवून बघायचं आणि प्रत्येक गोष्टीचे गुण फॉर्मवर लिहायचे. हातापायांसाठी रकानेच्या रकाने. बोलण्यासाठी एक. वीज एका विशिष्ट आकड्याला पोचली आणि बाबांचा हात थांबला. मांडीवर ठेवलेला हात मांडीवरच राहिला. त्यांनी भरलेली बशी उचलली आणि थेंबही न सांडता चहा प्यायला. मावशी, म्हणजे त्यांची बायको, पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मीही रडले. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी मला वाटलं, की एवढ्या इयत्ता केल्या ते सार्थकी लागलं.

पण तेवढ्या विजेनं आवाज बसला. असं होऊ शकतं हे पुस्तकात असतं, आम्हाला तोंडपाठ होतं. वीज शेजारच्या तंतूंपर्यंत पसरली की जीभ जड होते, शब्द एकमेकांना चिकटतात, आवाजातला जोर जातो. बाबा बोलायचे ते आता टेबलाच्या या बाजूलाही जेमतेम पोचायचं. मी फॉर्मवर लिहिलं, बोलणे किंचित मंद, चारपैकी गुण एक, म्हणजे त्रास किरकोळ. सरांना म्हटलं, आवाज उतरलाय. सर म्हणाले, "हात बघ ना. काहीतरी मिळवायचं तर काहीतरी सोडावं लागतं." सोडायचं कुणी, हे विचारायला माझी जीभ उचलली नाही. माझ्या जिभेला तर कुठल्या तारेचा त्रास नव्हता.

आणि रिमोट? तो पहिल्याच दिवशी कपाटात गेला. शहरातल्या रुग्णांना त्यांचे रिमोट मिळत. सिडकोतल्या एका निवृत्त प्राध्यापकांना तर मी तासभर बसून शिकवलं होतं. बाबांचा डबा मात्र सरांनी फाईल चाळता चाळता बाजूला ठेवायला सांगितला. "अंगठा लावलाय त्यानं. काहीतरी भलतंच बटण दाबून बसेल आणि मग धावत येईल. राहू दे आपल्याकडं, शिकवायला होईल." शाईची डबी कुणी पुढं केली होती? मी. तो अंगठा का लागला, हे त्या खोलीत एकटीला माहीत असलेली बाई कोण? मीच. आणि मी काय केलं? डब्यावर नाव घातलं आणि तो खालच्या खणात ठेवला.

मग आला तो अभ्यासवर्ग. जालना रोडवरच्या हॉटेलात, ठिकठिकाणचे डॉक्टर, गळ्यात ओळखपत्रं, हातात कापडी पिशव्या. बाबांना आदल्या संध्याकाळपासून गोळ्या बंद ठेवायला सांगितलं होतं आणि सकाळी आल्या आल्या यंत्रही बंद केलं, कारण मंचावर फरक दिसायला हवा. कार्यक्रम दहाचा. दहाला यंत्र बंद असलेला माणूस सव्वादहाला मंचावर येईल आणि साडेदहाला बरा होऊन जाईल, असं कागदावर होतं.

प्रमुख पाहुणे क्रांती चौकात अडकले होते. आमच्या शहरात पाहुणे अडकायचं ठिकाणही ठरलेलं आहे. ते आले साडेअकराला. त्यांच्याशिवाय दीप लावायचा नाही. मग दीप लावला, पण वात ओली होती, ती तीनदा विझली. मग सत्कार सुरू झाले. पाहुण्यांचा सत्कार, अध्यक्षांचा सत्कार, बाहेरगावच्या तज्ज्ञांचा एकेकाचा सत्कार. शाल, नारळ, बुके, फोटो. ज्यांनी सत्कार केला त्यांचाही मग सत्कार झाला. प्रत्येकानं दोन शब्द बोलतो म्हणून दोनशे वाक्यं बोलून घेतली.

आणि पडद्यामागं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बाबा. गोळी नाही, वीज नाही. अंग लाकूड झालेलं, मान वळेना, हात खुर्चीच्या दांडीवर असा आपटत होता, की पुढच्या रांगेतल्या कुणीतरी आवाज कसला येतोय म्हणून विचारलं. ओठांच्या कडेनं लाळ येत होती आणि मावशी ती पदरानं पुसत होत्या. मी दोनदा सरांकडं गेले. म्हटलं, सर, तेवढ्यापुरतं यंत्र सुरू करू का, मंचावर जायच्या आधी बंद करते. सर पाहुण्यांकडं बघून हसत होते, तसंच हसत मला म्हणाले, "नको, परिणाम जाईल." मी परत पडद्यामागं गेले आणि बाबांचा हात धरून बसले. त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

एक वाजता त्यांना चाकाच्या खुर्चीतून मंचावर नेलं. सरांनी टॅबलेटवर बोट ठेवलं, हात थांबला, बाबा उठून चार पावलं चालले. टाळ्यांचा कडकडाट. मग बाबांनाही शाल घातली. सरांनी विचारलं, "कसं वाटतंय, सांगा सगळ्यांना." माईक माझ्या हातात होता. मी तो बाबांच्या ओठांना जवळजवळ टेकवला. बाबा म्हणाले, "लई बरं वाटतं." ते सगळ्या सभागृहात घुमलं. शेवटच्या रांगेत बसलेल्या डॉक्टरांनीही माना डोलावल्या. मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी होते आणि मला त्यांच्या तोंडून एक अक्षरही ऐकू आलं नव्हतं, जे ऐकलं ते भिंतीवरच्या स्पीकरमधून. इतके मेंदूतज्ज्ञ एका जागी जमले होते आणि आवाज माणसाचा की माईकचा हे एकानंही विचारलं नाही. आवाज ठणठणीत आहे, असं सरांनी पडद्यावरच्या शेवटच्या पानावर लिहिलं.

जेवणाच्या रांगेशेजारी मावशींनी मला गाठलं. हातात भरलेली ताटली, पण एक घास खाल्लेला नव्हता.

"ताई, एक बोलू का? रागाला येऊ नका. हात थांबला, लई मोठं काम केलं तुमी. पण मानूस मुका झाला की वं."

मी म्हटलं, "मावशी, हळूहळू होईल सवय."

"कुनाला सवय? मेंढरांना?" असं म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. घाटाच्या रस्त्यानं कळप चालला होता. वळणावरून ट्रक आला. बाबांनी आरोळी दिली, पण ती त्यांच्या ओठांपुढं गेलीच नाही. पुढं गेलेली मेंढरं वळली नाहीत. दोन मेंढ्या चाकाखाली गेल्या, त्यातली एक गाभण. "त्या दिसापास्नं जेवत नायत नीट. काठी घेऊन नुसते मागं मागं हिंडत्यात. काठीनं मेंढरू वळत नाय, ताई. तोंडानं वळतं."

मला हे मावशींकडून ऐकावं लागलं, याची लाज वाटायला हवी. फर्दापूरच्या अलीकडं आमची शेती आहे. खतासाठी दरवर्षी शेतात मेंढ्या बसवायच्या, हा आमच्या घरचा रिवाज. लहानपणी बांधावर बसून मी धनगरांचा कळप तासन्‌तास बघितलाय. एक माणूस तिकडच्या टोकाला उभा राहून तोंडानं नुसता आवाज काढतो आणि इकडच्या टोकाची मेंढी मान वर करते. कळपाचा लगाम माणसाच्या गळ्यात असतो, हे मला कुठल्याही वर्गात बसायच्या आधीपासून माहीत होतं. मग मोठी होऊन मी काय शिकले, तर तो आवाज फॉर्मवर एका गुणात बसवायला.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. म्हटलं, दोन प्रोग्राम करून देऊ. एक आत्ताचाच, हाताचा. दुसऱ्यात वीज कमी, हात थोडा थरथरेल पण आवाज येईल. कातरायला बसले की पहिला, मेंढरं हाकायची की दुसरा. रिमोट देऊन टाकू. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुढच्या वर्गासाठी त्यांना बाबांचा पुन्हा व्हिडिओ करायचा होता, तोपर्यंत सेटिंगला कुणी हात लावायचा नाही. "आणि रिमोटचं आपलं बोलणं झालंय. खेड्यातल्या माणसाच्या हातात असली गोष्ट द्यायची नसते. तू भावनिक होतेस." मी सांगितलं, त्यांना लिहिता-वाचता येतं. सर हसले. "मग अंगठा कशाला?" मी सांगायला लागले, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. फोन संपेपर्यंत मी उभी राहिले नाही.

इथं मला लिहायला आवडलं असतं, की मी तडक कपाट उघडलं. नाही उघडलं. किंवा उघडलं, पण दोन नवीन शिकाऊ डॉक्टरांना रिमोट दाखवायला. हे चालू-बंदचं बटण, हा प्रोग्राम बदलायचा बाण, हा छातीजवळ धरायचा. यंत्र जवळ नसलं की त्याच्या पडद्यावर यायचं, यंत्र सापडत नाही. मी शिकवत राहायचे आणि तो पुन्हा पुन्हा शोधत राहायचा. ते यंत्र कन्नडच्या रानात एका माणसाच्या कातडीखाली होतं. माझं प्रमाणपत्र सरांच्या सहीनं निघणार होतं, हे मी इथं कारण म्हणून देत नाही, पण तेच कारण होतं.

असे आठवडे गेले. मग एका मंगळवारी बाबा ओपीडीत आले. बाहेर गर्दी, पंख्याची घरघर, एक लहान मूल रडत होतं. बाबा समोर बसून बोलत होते आणि मला फक्त त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मी कान जवळ नेला. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी टेबलावर मूठ आपटली, माझ्या खिशातलं पेन ओढून घेतलं आणि औषधाच्या कागदाच्या पाठीवर लिहिलं. शांतपणे, एकेक अक्षर गोल, रेघ सरळ. मेंढरं ऐकत नाहीत. माझा आवाज परत करा.

तो कागद हातात धरून मी बसले. आम्हीच दिलेल्या हातानं त्यांनी तो लिहिला होता.

त्याच बैठकीत मी टॅबलेट काढला. पाऊण तास लागला. वीज उतरवत गेले, हात थरथरायला लागला, मावशींनी काळजीनं माझ्याकडं बघितलं. एका ठिकाणी बाबांचा आवाज टेबल ओलांडून आला. आधी खरखरत, मग मोकळा. "हां," ते म्हणाले, "ह्यो माझा." तो दुसरा प्रोग्राम म्हणून भरला. आता रिमोट दिला की झालं. मी कपाट उघडलं तर डबा जागेवर नव्हता. सर दोन दिवसांसाठी बाहेरगावी शिकवायला गेले होते आणि डबा त्यांच्या बॅगेत होता. बाबांना त्यांचा स्वतःचा आवाज ऐकवून, तो पुन्हा बंद करून मी घरी पाठवलं. हाताचा प्रोग्राम ठेवू का आवाजाचा, असं विचारलं, तर कातरणीचे दिवस होते म्हणून त्यांनी हाताचा निवडला. निवडताना त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मी सांगू शकत नाही. मी त्यांना म्हटलं, रिमोट घेऊन मी येते, चार-पाच दिवसांत.

सर परत आले, डबा कपाटात परत आला. मी तो सरांसमोरच काढला. त्यांना बाबांचा कागद दाखवला. सरांनी तो वाचला आणि म्हणाले, "अक्षर चांगलं आहे. बघ, केवढा फरक पडलाय हातात. याचा फोटो काढून ठेव." माणसाची तक्रारसुद्धा यांच्या यशाचा पुरावा! मग म्हणाले, व्हिडिओ होईपर्यंत थांब, हे विभागाचं सामान आहे. मी डबा त्यांच्यापुढं धरला आणि विचारलं, "सर, यावर नाव कुणाचं आहे?" त्यांनी नाव वाचलं नाही. माझ्या प्रमाणपत्राचं काय ते बघू, असं ते माझ्या पाठीला म्हणाले. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, रुग्णाचा रिमोट रुग्णास देण्यासाठी नेत आहे, आणि खाली ठसठशीत सही केली. वॉर्डातल्या जुन्या सिस्टर शेजारी उभ्या होत्या. "अच्छा किये, डॉक्टर. मैं तो कब से बोल रई थी, जिसका है उसकू दे देव." खरंच बोलत होत्या. मीच कधी कान दिला नव्हता.

रविवारी सकाळची एसटी पकडून कन्नडला उतरले, तिथून जीप. ऊस तोडून मोकळ्या झालेल्या एका शेतात त्यांचा मुक्काम होता. बाबा मेंढरं कोंडायच्या जाळीला टेकून बसले होते, लोकरीची पोती शेजारी. मावशींनी घोंगडी अंथरली, चहा टाकला. मी डबा उघडून समजावून सांगायला लागले. दोन वाक्यं झाली असतील, बाबांनी रिमोट माझ्या हातातून घेतला, छातीवर धरला. पडद्यावर पहिल्यांदाच यंत्र सापडलं. एक म्हणजे हात, दोन म्हणजे आवाज, बरोबर? त्यांनी ओठांनी आणि बोटांनी विचारलं. मी मान हलवली. मेंढरांवर खूण करायचा लाल रंग एका करवंटीत उरला होता. त्यांनी त्यात काडी बुडवून आवाजाकडं जायच्या बाणावर एक ठिपका दिला, फुंकर मारून वाळवला. सगळं मिळून पाच मिनिटं. प्राध्यापकसाहेबांना तासभर लागला होता.

मग त्यांनी लाल ठिपका दाबला. उजवा हात थरथरायला लागला, तो त्यांनी काखेत दाबून धरला आणि आम्ही तिघं थांबलो. हळूहळू आवाज आला.

"लई सोपं हाय की," ते म्हणाले. "हे कवा आलं?"

मी म्हटलं, "तुमच्या यंत्राबरोबरच आलं, बाबा."

"म्हंजी?"

"ऑपरेशनपासून. आठ महिने झाले."

"कुठं व्हतं?"

"आमच्याकडं. कपाटात."

"हरवलं व्हतं का?"

मला हो म्हणता आलं असतं. मी तेच म्हणावं अशा नजरेनं मावशी माझ्याकडं बघत होत्या. मी म्हटलं, "नाही. आम्ही त्याच्यावर शिकत होतो. मीही शिकले."

बाबा उठले, काठी घेतली, रिमोट बंडीच्या खिशात घातला आणि शेतातून चालायला लागले. पार पलीकडच्या बांधापर्यंत गेले, जिथं कळप चरत होता. मला वाटलं, आता आरोळी देतील. मावशींनाही तेच वाटलं, त्या हातातलं पातेलं खाली ठेवून उभ्या राहिल्या. बाबा बांधावर चढले आणि मेंढरांकडं पाठ करून आमच्याकडं तोंड केलं.

"आठ म्हैने, बाई! आठ म्हैने मुका करून ठिवला तू मला! दोन मेंढरं मेली मपली! तुला म्हाईत व्हतं, मला सही येती! तुझ्यासमोर बोललो व्हतो म्या! कामून नाय दिलं? सांग, कामून नाय दिलं?"

सगळी मेंढरं माना वर करून बघायला लागली. मावशी म्हणाल्या, "अवो, पाव्हनी हाय ती," पण ते थांबले नाहीत. आई-बापावरून नाही, जातीवरून नाही, नेमकं माझ्या चुकीवरून, एकेक शब्द सुटा. एवढ्या लांबून एकही अक्षर मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही.

मी उभी राहिले आणि म्हटलं, "व्हय, बाबा. चुकलं माझं." मला तेवढ्या मोठ्यानं बोलायची सवय नाही. पलीकडच्या बांधापर्यंत ते पोचलं नाही. त्यांनी हात कानाशी नेला आणि तिथूनच ओरडून विचारलं, "काय म्हणती?"